पितळी पिनांवर टिन प्लेटिंग चकाचक, पण सोल्डर पकडंना झालंय. प्लेटिंगवाल्याला नेमकं काय सांगावं?

मागवाला_सोलापूर
नमस्कार मंडळी. आमचं अक्कलकोट रोड एमआयडीसीत छोटं युनिट आहे, मागाचे स्टॉप मोशनचे (धागा तुटला की माग थांबवणारे) बोर्ड आणि सेन्सरची कार्डं बनवतो, जुनी आली तर दुरुस्तही करतो. बोर्डावर वायर जोडायला टर्निंगच्या पितळी पिना वापरतो, खालचं टोक पीसीबीत जातं आणि वरच्या टोकाला वायर घालायला छोटा कप असतो. पिना जामनगरहून कच्च्या येतात, टिन प्लेटिंग बाहेर जॉबवर करून घेतो. आता भानगड अशी की प्लेटिंग होऊन आलेला ताजा लॉट झकास सोल्डर होतो, पण तोच माल दिवाळीत ठेवला आणि उन्हाळ्यात डबा उघडला की सोल्डर पकडतच नाही, गोळी होऊन बाजूला सरकतं, कपाच्या आत तर बघायलाच नको. पिना दिसायला अजून नव्या नवरीसारख्या.

प्लेटिंगवाला म्हणतो तुमचा फ्लक्स (सोल्डर पकडावं म्हणून ऑक्साइड साफ करणारा पदार्थ) खराब. फ्लक्स बदलला, सोल्डरची वायर बदलली, आयर्नचं टेंपरेचर वाढवलं, ढिम्म फरक नाही, उलट जास्त तापवून पीसीबीचे पॅड उचलून यायला लागले. एक गिऱ्हाईक म्हणतंय सिल्वर करून द्या, दुसरं म्हणतंय निकल कधी खराब होत नाही, आणि आमचे काका म्हणतात एकदाचं सोनंच लावून टाक. आमची खपत कमी, त्यामुळे एकदम प्लेटिंग करून ठेवावं लागतं, दर महिन्याला पाठवणं परवडत नाही. तर काय सांगून प्लेटिंग करून घ्यायचं?

पूर्वभाग_रिपेअर
ओ मालक, एवढं काय टेन्शन घेताव. ब्लेडनं जरा खरवडायचं, पेस्ट लावायची, टाका बसतोय बघा. आमी ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीपासून हेच करायलोय. लईच हट्टी निघालं तर हायड्रोक्लोरिकमदी जस्ताचे तुकडे टाकून मारलेलं ॲसिड, एक थेंब, खलास.

मागवाला_सोलापूर
खरवडल्यावर पकडतंय दादा, ते करून बघितलं. पण दहावीस पिना असत्या तर पोरांना बसवलं असतं, इथं डबेच्या डबे भरलेत. आणि ते ॲसिड बोर्डावर नको, राहिलेलं धुतलं गेलं नाही तर वायर आतून हिरवी होऊन तुटून हातात येते.

भोसरीची_टाकी
मी प्लेटिंगच्या लाइनीतला आहे म्हणून विचारतो, खरवडल्यावर पकडतंय हे तुम्ही फार कामाचं सांगितलंत. म्हणजे खालचं पितळ ठीक आहे, फ्लक्सही ठीक आहे, गडबड वरच्या थरात आहे. आता एवढं सांगा: टिनच्या खाली काही दिलंय का, निकल किंवा कॉपर? थर किती मायक्रॉन? ब्राइट टिन आहे का मॅट? आणि माल ठेवता कुठं?

मागवाला_सोलापूर
चलनावर फक्त "टिन प्लेटिंग ब्राइट" एवढंच असतं, मायक्रॉनचा विषय आजवर निघालाच नाही, रेट किलोवर. खाली काही देतो का विचारलं तर "तुम्ही सांगितलं नव्हतं" म्हणाला. माल वरच्या माळ्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये. सोलापूरचा मे महिना तुम्हाला माहीत असेलच, बाहेर ४२-४३ असतं तेव्हा पत्र्याखाली काय होत असेल ते तुम्हीच समजा.

भोसरीची_टाकी
मग उत्तर मिळालंच की.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. पितळेवर थेट टिन दिलं की जस्त त्या थरातून हळूहळू वर यायला लागतं, वर पोचलं की हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचं झिंक ऑक्साइड होतं. थर इतका पातळ असतो की डोळ्याला दिसत नाही, पिन चमकतच राहते, पण राळेच्या साध्या फ्लक्सला ते ऑक्साइड काढता येत नाही. सोल्डरला खाली शुद्ध टिनच मिळत नाही म्हटल्यावर ते गोळी होऊनच बसणार. ताज्या लॉटला हा त्रास नसतो कारण जस्त अजून वर आलेलं नसतं. तुमच्या प्लेटरला पुन्हा बोलावून दाखवलं तरी तो ताजी पिन सोल्डर करून दाखवणार आणि निघून जाणार, वाद कायम.

दुसरं, तांबं आणि टिन हे दोघंही एकमेकांत मुरतात. सहा भाग तांबं पाच भाग टिन असं एक संयुग तयार होतं, आणि त्याच्या खाली तांब्याकडच्या अंगाला तीन तांबं एक टिन असं दुसरं. हे भट्टीत घातलं तरच होतं असं नाही, खोलीच्या टेंपरेचरलाही चालू असतं, उष्णता मिळाली की वेग वाढतो. थर जर जेमतेम मायक्रॉन दीड मायक्रॉनचा असेल तर खालून हे संयुग खात खात वर येतं आणि एक दिवस मोकळं टिन शिल्लकच राहत नाही. त्या संयुगाचं ऑक्साइड झालं की सोल्डर त्याला ओलं करत नाही. तुमच्याकडे ही दोन्ही कामं पत्र्याखाली जोरात चाललेली असणार.

उपाय म्हणजे मधे निकलचा थर. २ ते ३ मायक्रॉन निकल आधी, मग टिन. निकल जस्ताला अडवतं आणि तांब्यालाही अडवतं. निकल आणि टिनचंही संयुग होतं पण बरंच सावकाश. नुसतं कॉपर दिलं तर जस्त थांबेल पण तेच कॉपर वरचं टिन खायला बसेल, म्हणून माल ठेवायचा असेल तर निकलच. वर टिन ८ मायक्रॉनच्या पुढं घ्या, लगेच वापरणार असाल तर ५ चालतं. आणि माळ्यावरून माल खाली आणा, हे फुकटातलं काम आहे.

पूर्वभाग_रिपेअर
एक शंका हाय. आमच्या गल्लीत कल्हईवाला यायचा, तो तर थेट पितळंच्या पातेल्यावर कथील लावायचा, नवसागर टाकून कापसानं पुसायचा, त्याला कुठं निकल लागायचं ओ?

भोसरीची_टाकी
मस्त प्रश्न. नवसागर हाच त्याचा फ्लक्स, अमोनियम क्लोराइड, गरम झालं की ऑक्साइड खातं. आणि कल्हई वितळलेल्या कथलाची असते, २३२ अंशाच्या वर, त्यामुळे ती तिथल्या तिथं पितळेशी नीट जुळते, इलेक्ट्रोप्लेटिंगसारखे त्यात ब्राइटनर वगैरे काही नसतात. पण त्या पातेल्याला सहा महिन्यांनी कोणी वायर सोल्डर करत नाही ना दादा! त्याचं काम आंबट वरणाला पितळेपासून लांब ठेवायचं, आणि तेही ठरावीक दिवसांनी परत करावंच लागतं. तुमच्या कल्हईवाल्याचीच युक्ती मात्र मागवाल्यांना जुन्या स्टॉकला वापरता येईल, त्यावर नंतर लिहितो, आता शिफ्टची वेळ झाली.

शेंगाचटणी_एक्स्ट्रा
प्रोसेस हाऊसमध्ये इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे, सिल्वरबद्दल मीच बोलतो. मागवाले, तुमची कार्डं फक्त मागावर बसणार असतील तर ठीक, पण रंगाईच्या आसपास कुठं जाणार असतील तर सिल्वरचं नावच काढू नका. काळा रंग सल्फर ब्लॅकचा असेल तर बाथमध्ये सोडियम सल्फाइड असतं, त्याला ॲसिड लागलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो, तो सडक्या अंड्याचा वास. चांदी त्याला लगेच बळी पडते, आधी पिवळी, मग तपकिरी, मग काळी. आमच्या पॅनेलमधल्या सिल्वर प्लेटेड लगा (वायरीच्या टोकाला बसवतात ती धातूची टोपणं) बघायला या, कोळसा झालाय. आजूबाजूच्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत स्पेंट वॉशपासून (गाळून उरलेल्या सांडपाण्यापासून) बायोगॅस करतात तिथंही हाच गॅस, तिथल्या पॅनेलवाल्यांना विचारा.

बरं रंगाईजवळ नसलं तरी पॅकिंग बघा. पुठ्ठ्याच्या खोक्यात, वर रबरबँड, असं चांदीचं पार्ट ठेवलं की रबरातलं गंधक आणि पुठ्ठ्यातलंही त्याला लागतं. सिल्वर प्लेटेड माल अँटी-टार्निश कागदात आणि सीलबंद पिशवीत ठेवावा लागतो. तुम्ही ठेवताय पत्र्याखाली खोक्यात, म्हणजे झालंच.

निवृत्त_एक्सचेंज
टेलिफोन खात्यात आयुष्य गेलं, रिलेच्या कॉन्टॅक्टची चांदी घासून घासून हात काळे झाले. सिल्वर वाईट नाही हो, चांदीइतकी वीज कुठलाच धातू वाहून नेत नाही, आणि मोठ्या करंटच्या जागी, स्विचगियरमध्ये, तिची जागा कोणी घेऊ शकत नाही. हलका काळपटपणा आला तरी दाब भरपूर असेल आणि करंट मोठा असेल तर कॉन्टॅक्ट चालतो. पण सोल्डर करायच्या पिनेवर, मिलीअँपियरच्या सिग्नलला, वर्षभर ठेवायचं म्हणत असाल तर शेंगाचटणी म्हणतात तेच बरोबर. आणखी एक, दमट जागी डीसी व्होल्टेज कायम असेल तर चांदी एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीकडे सरकत जाऊन शॉर्ट करते.

आता टिनबद्दल एक गोष्ट कुणीच काढली नाही म्हणून सांगतो. शुद्ध टिनच्या प्लेटिंगला मिशा फुटतात. खरंच, केसापेक्षा कितीतरी बारीक टिनच्या तारा आपोआप बाहेर येतात, प्लेटिंगमध्ये ताण दाबून राहिलेला असतो म्हणून. दुसऱ्या महायुद्धानंतर आधी हे कॅडमियम प्लेटिंगवर दिसलं, मग अमेरिकेत बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेतल्यांनी, म्हणजे बेल लॅब्सवाल्यांनी, कॅडमियम सोडून टिन घेतलं तर टिनलाही तेच, मग १९५० च्या दशकात त्यांना सापडलं की टिनमध्ये थोडं शिसं घातलं की मिशा थांबतात. पुढं कित्येक वर्षं सगळीकडं टिन-लेडच चाललं. १९९८ च्या मे महिन्यात गॅलेक्सी ४ नावाचा उपग्रह बंद पडला आणि अमेरिकेतले बहुतेक पेजर एका रात्रीत मुके झाले, त्याचंही कारण रिलेवरच्या शुद्ध टिनच्या मिशाच असल्याचं मानलं गेलं. तुमचे बोर्ड अंतराळात जाणार नाहीत हे कबूल, पण पिना जवळजवळ असतील आणि २४ व्होल्टचा सप्लाय असेल तर विचार करून ठेवा.

मागवाला_सोलापूर
काका हे नवीनच ऐकतोय. मग शिसंवालंच प्लेटिंग करून घेऊ का? साठ-चाळीसचं सोल्डर तर आम्ही वापरतोच.

चिंचोळी_क्वालिटी
तुमचं गिऱ्हाईक कोण आहे त्यावर आहे. युरोपात १ जुलै २००६ पासून आरओएचएस, म्हणजे इलेक्ट्रॉनिक मालातल्या घातक पदार्थांवर मर्यादा घालणारा नियम, लागू आहे, शिसं ०.१ टक्क्याच्या आत. आपल्याकडेही ई-कचऱ्याच्या नियमांत शिशाला तीच ०.१ टक्क्याची आणि कॅडमियमला ०.०१ टक्क्याची मर्यादा आहे, ठरलेल्या यादीतल्या वस्तूंना. जुन्या मागाला लोकल दुरुस्तीचं कार्ड देताय तर कोणी विचारणार नाही, पण मशीन बनवणाऱ्याला बोर्ड पुरवताय तर तो सर्टिफिकेट मागणारच.

गंमत अशी की पितळेतच शिसं असतं. टर्निंगला सोपं जावं म्हणून फ्री कटिंग पितळेत ३ टक्क्यांच्या आसपास शिसं घालतात, आणि तांब्याच्या मिश्रधातूत ४ टक्क्यांपर्यंत शिशाला आरओएचएसमध्ये सूट दिलेली आहे. म्हणजे पिनेच्या पोटात चालतं, अंगावर चालत नाही. कागदी घोडे, दुसरं काय.

भोसरीची_टाकी
आलो परत. पितळेतल्या त्या शिशाचा आणखी एक ताप आहे, तो प्लेटरला विचारा. टर्निंग करताना टूल ते शिसं पितळेच्या अंगावर फासतं. साध्या सल्फ्युरिकच्या डिपने ते निघत नाही, वर प्लेटिंग दिलं की तिथं फोड येतात नाहीतर सोल्डर करताना थर सालपटासारखा सुटतो. त्याला फ्लुओबोरिक ॲसिडचा डिप लागतो. निकलच्या आधी पातळ कॉपर स्ट्राइक (तांब्याचा झटपट पहिला थर) मारणारेही बरेच आहेत. तुमचा प्लेटर पितळेचं काम रोज करत असेल तर त्याला हे ठाऊक असणार, लोखंडी बोल्टवर झिंक मारणारा असेल तर नसणार.

आता चकाचक या विषयावर येतो, कारण मला वाटतं खरा घोळ चलनावरच्या "ब्राइट" या शब्दापासूनच सुरू होतो. गिऱ्हाईकाला चमक हवी असते म्हणून प्लेटर ब्राइटनर ओततो. ब्राइटनर म्हणजे सेंद्रिय केमिकल, त्यातला काही भाग टिनच्या थरातच अडकून राहतो. सोल्डर करताना २५०-३०० अंश लागले की तो जळतो, गॅस होतो, सोल्डरला बारीक भोकं पडतात किंवा आधी पसरलेलं सोल्डर मागं सरकून थेंब थेंब होतं. शिवाय ब्राइट टिनमध्ये ताण जास्त, म्हणजे एक्सचेंजवाल्या काकांनी सांगितलेल्या मिशाही जास्त. मॅट टिन दिसायला पांढुरकं, राखाडी, बोट लावलं की ठसा उमटतो, गिऱ्हाईक नाक मुरडतं. पण सोल्डरिंगला तेच चांगलं. निकलवर मॅट टिन दिलं तर मिशांचा धोकाही बराच कमी होतो. काही ठिकाणी मॅट टिन झाल्यावर २४ तासांच्या आत १५० अंशाला तासभर ओव्हनमध्ये ठेवतात, तेही त्याचसाठी.

सोलापूरकरांसाठी खास म्हणजे ब्राइट टिनची टाकी बहुतेक स्टॅनस सल्फेट आणि सल्फ्युरिक ॲसिडची असते आणि तिला थंडावा लागतो, १५ ते २५ अंश. चिलर नसेल तर उन्हाळ्यात ब्राइटनर पटापट संपतो, मग प्लेटर आणखी ओततो, आणि टिनचं ऑक्सिडेशन होऊन टाकी ताकासारखी गढूळ होते. एप्रिल-मे मधला लॉट वाईट आणि थंडीतला बरा असं तुमच्याकडं दिसत असेल तर चिलर आहे का ते बघून या.

मागवाला_सोलापूर
चिलर कसला ओ, त्याच्याकडं टाकीवर गोणपाट ओलं करून टाकलेलं असतं. आणि पाणी बोअरचं.

भोसरीची_टाकी
बोअरच्या जड पाण्याने शेवटचा वॉश दिला की पिनेवर पांढरे डाग वाळतात, कपात तर खडीच बसते. शेवटचा वॉश डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याचा आणि गरम हवा, आणि ॲसिड टाकीतून आल्यावर ट्रायसोडियम फॉस्फेटचा एक डिप, म्हणजे कपात राहिलेलं ॲसिड मरतं आणि पिना पिवळ्या पडत नाहीत. एवढं जरी केलं तरी निम्मी कटकट जाईल.

हॅम_होटगी
निकलचं मी सांगतो कारण हौशी रेडिओच्या छंदात निकल प्लेटेड कनेक्टरशी रोजची झटापट असते. निकल कायम टिकतं हे तुमच्या गिऱ्हाईकाचं म्हणणं बरोबर, पण ते टिकतं कशामुळं, तर हवेत त्याच्यावर स्वतःचाच पातळ कडक ऑक्साइडचा थर बसतो म्हणून. तो थर गंजापासून वाचवतो आणि सोल्डरलाही लांब ठेवतो. राळेचा फ्लक्स त्याला हात लावू शकत नाही, स्ट्राँग फ्लक्स घेतला तर नंतर धुवावा लागतो. क्रिंप करायची लग असेल, स्क्रू टर्मिनल असेल, तर निकल उत्तम. सोल्डरला मात्र निकल पोटात आणि टिन वर, वरच्यांनी सांगितलं तेच.

सोन्याचं तुमच्या घरच्या काकांना सांगा की टिनच्या सोल्डरमध्ये सोनं सेकंदात विरघळून जातं, म्हणजे टाका शेवटी खालच्या निकललाच बसतो. पातळ सोनं असेल, पाव मायक्रॉनच्याही खाली, तर ते निकलला ऑक्साइडपासून वाचवतं आणि छान सोल्डर होतं. पण जाड सोनं, कनेक्टरच्या घुसणाऱ्या टोकाला पाऊण मायक्रॉन वगैरे देतात तसलं, थेट सोल्डर केलं आणि टाक्यात सोनं वजनाच्या ३ टक्क्यांपुढं गेलं, तर टाका ठिसूळ होतो. सोनं आणि टिनचं संयुग काचेसारखं तडकतं, आणि तुमचा माग दिवसभर थडथडत असणार. म्हणून जाड सोन्याच्या पिना आधी सोल्डर पॉटमध्ये (वितळलेल्या सोल्डरच्या भांड्यात) बुडवून सोनं धुऊन काढतात, मगच बोर्डावर लावतात. विकत घेतलेलं सोनं धुऊन टाकायचं, सांगा काकांना.

पूर्वभाग_रिपेअर
काका म्हणतील धुतलेलं पाणी माज्याकडं आणून दे.

निवृत्त_एक्सचेंज
हसलो. हॅमसाहेबांच्या बोलण्याला एक जोड देतो, एकाच पिनेची दोन टोकं दोन कामं करतात हे ध्यानात ठेवा. सोल्डर होणाऱ्या टोकाला टिन आणि घुसून कॉन्टॅक्ट होणाऱ्या टोकाला सोनं, अशी निवडक प्लेटिंगची पिन तयार मिळते. घरी ती भानगड करू नका, विकत घ्या. आणि नर पिन सोन्याची तर मादी टिनची असलं लग्न लावू नका, टिनचं ऑक्साइड सोन्यावर चिकटून बसतं आणि सोन्याचे पैसे वाया.

शेंगाचटणी_एक्स्ट्रा
मागावर हेच होतं ना. टर्किश टॉवेलच्या मागावर सेन्सरचं कार्ड मधूनच बोंबलतं, कनेक्टर काढून परत लावला की चालू, दोन आठवड्यांनी परत. लोक कार्ड बदलत बसतात. टिन-टिनच्या कनेक्टरला थरथर लागली की दोन्ही पृष्ठभाग केसभर घासत राहतात, दरवेळी ताजं टिन उघडं पडतं, त्याचं ऑक्साइड होतं, त्या काळ्या भुकटीचा ढीग मधे साचतो आणि रेझिस्टन्स वाढत जातो. काढून लावलं की भुकटी बाजूला होते एवढंच. तिथं टिन ठेवायचं तर स्प्रिंगचा दाब भरपूर हवा, १०० ग्रॅमच्या वर, आणि हाउसिंग हलता कामा नये. कॉन्टॅक्टचं ग्रीस लावलं तरी बराच फरक पडतो. त्यामुळे मागवाल्यांनी वायर सोल्डर करायचं ठरवलंय ते मागासाठी बरोबरच आहे, फक्त टाक्याच्या मागं वायर बांधून घ्या, नाहीतर टाका जिथं संपतो तिथंच तुटते.

चिंचोळी_क्वालिटी
टिनचं अजून एक फॅड मधेमधे निघतं, थंडीत टिनची भुकटी होते म्हणून. १३ अंशाच्या खाली शक्यता सुरू होते, पण खरा वेग उणे ३० च्या आसपास आणि शुद्ध टिनलाच. सोलापुरात त्याची काळजी करणाऱ्याने आधी कुलरची करावी.

मागवाले, तुम्ही पुढचा लॉट घ्याल तेव्हा तो जुना झाल्यावर काय करेल ते आधीच बघता येतं. स्टँडर्ड टेस्टमध्ये पिना वाफेवर ८ तास ठेवतात, मग फ्लक्स लावून २४५ अंशाच्या आसपासच्या सोल्डरमध्ये ५ सेकंद बुडवतात आणि ९५ टक्के भाग सलग सोल्डरने झाकला गेला तर पास. तुमच्याकडं चेंबर नसला तरी झाकणाचं पातेलं, आत जाळी, पाणी जाळीच्या खाली उकळतं ठेवायचं, पिना पाण्याला लागू द्यायच्या नाहीत. पाणी डीएमचं घ्या, नाहीतर बोअरचे क्षारच टेस्ट कराल. प्लेटिंगवाल्यासमोर करा, म्हणजे फ्लक्सचं भांडण तिथंच मिटेल.

मागवाला_सोलापूर
हे भारी आहे. बरं, आता जे डबे भरून पडलेत त्यांचं काय? भोसरीवाले दादा कल्हईची युक्ती सांगणार होते.

भोसरीची_टाकी
हां. आधी एका मूठभर पिनांवर करून बघा. सौम्य ॲसिडमध्ये थोडा वेळ हलवा, धुवा, वाळवा, जरा ॲक्टिव्ह फ्लक्समध्ये बुडवा आणि लगेच सोल्डर पॉटमध्ये गरम डिप. वर आल्यावर झटका द्या, नाहीतर कप भरून येईल. वितळलेला थर बसला की ती पिन परत सोल्डर घ्यायला लागते. मग गरम पाण्याने फ्लक्स नीट धुवा. हे केलेला माल लवकर वापरून टाका, कारण खाली निकल अजूनही नाहीच. डिपमध्येही सोल्डर जागोजागी मागं सरकत असेल तर नाद सोडा, जुनं टिन काढून पहिल्यापासून प्लेटिंग करून घ्या, नाहीतर भंगारात घाला, पितळेला भाव आहे.

मागवाला_सोलापूर
ऑर्डरवर असं लिहू का, बघा: "पितळी पिन, फ्लुओबोरिक ॲक्टिव्हेशन, निकल २ ते ३ मायक्रॉन, वर मॅट टिन ८ मायक्रॉन किमान, ब्राइट नको, शेवटचा वॉश डीएम, वाफेवर ८ तासांनंतर सोल्डर ९५ टक्के."

भोसरीची_टाकी
चांगलं आहे, पण ८ मायक्रॉन कुठं मोजायचं ते लिहिलं नाहीत तर प्लेटर बाहेरच्या कडेवर मोजून दाखवेल. टोकांना आणि कडांना करंट जास्त मिळतो, तिथं थर जाड, आणि कपाच्या आत करंट पोचतच नाही, तिथं थर नावाला. तुम्ही सुरुवातीलाच म्हणालात की कपात अजिबात पकडत नाही, त्याचं कारण हेच. बॅरलमध्ये (सुटा माल घालून टाकीत फिरवायच्या पिंपात) पिना एकात एक अडकतात, कपात हवेचा बुडबुडा बसतो तो वेगळाच. एक्सआरएफ (क्ष-किरणांनी थर मोजणारं) मशीन आतला थर मोजू शकत नाही, एखादी पिन उभी कापून बघावी लागते. पर्याय दोन. एक म्हणजे ॲसिडऐवजी अल्कलाइन स्टॅनेटची (टिनच्या क्षारधर्मी द्रावणाची) टाकी असलेला प्लेटर शोधा, ती टाकी ६०-८० अंशाला गरम चालते, चिलरचा प्रश्न मिटतो, ब्राइटनर लागत नाही आणि खोलगट भागातही थर बरा बसतो. काम सावकाश होतं आणि ॲनोड सांभाळावे लागतात म्हणून सगळे ठेवत नाहीत, पुण्यात चौकशी करा. दुसरं, कपाच्या तळाशी बाजूने एक बारीक आरपार भोक पाडून घ्या, हवा निघून जाते, पाणी आत फिरतं, ॲसिड अडकत नाही, आणि सोल्डर करताना ते भोकातून डोकावलं की कप भरला हेही कळतं.

मागवाला_सोलापूर
भोकाचं पटलं. जामनगरवाल्याला ड्रॉइंग बदलून पाठवतो, पिनेमागं पैसे वाढवणार हे नक्की, पण पॅड उचललेल्या बोर्डांपेक्षा स्वस्तच पडेल. स्टॅनेटवाला कुणाच्या ओळखीचा असेल तर व्यनि करा, थोडा माल घेणारा पाहिजे, आमचं बॅरल अर्धंसुद्धा भरत नाही.